किल्लारीनंतर गावं कोणी उभी केली?

संकटातून जिवंत परतलेल्यांच्या गोष्टींना सध्या मोठी मागणी आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेलं शॅकल्टन या मोहीमवीराचं जहाज, १९७२ साली अँडीज पर्वतात कोसळलेलं विमान, चिलीच्या खाणीत ६९ दिवस काढलेले ३३ कामगार. कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत, एमबीएच्या तासांना, स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात आणि शेवटी नेतृत्वाचे पाच नाहीतर सात धडे फळ्यावर लिहून दिले जातात. धीर सोडू नका, माणसं एकत्र ठेवा, म्होरक्यानं सगळ्यात शेवटी बाहेर पडावं. यातलं काही खोटं नाही. पण या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: माणसं बाहेर आली, टाळ्या झाल्या, संपलं. पुढच्या पाच-दहा वर्षांत त्या माणसांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच सुरू होते. आणि ती कशी असते हे बघायला अंटार्क्टिकाला जायची गरज नाही, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यापर्यंत गेलं तरी पुरे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं उशिरा अंथरुणाला टेकली होती. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंपाच्या तीव्रतेच्या मानानं हा आकडा भयंकर होता, आणि त्याचं कारण जमिनीत जितकं होतं तितकंच घरांत होतं. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड आणि मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, वर लाकडाच्या खणांवर टाकलेलं माळवद. घर गळू नये म्हणून पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा थर चढवायचा, पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक. पिढ्यानपिढ्या साठलेलं ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जाड भिंतींच्या वाड्यांनी जास्त बळी घेतले आणि गावकुसाबाहेर कुडाच्या, पत्र्याच्या घरात राहणारे त्यामानानं वाचले. श्रीमंतीची खूण असलेली भिंतच मृत्यूचं कारण ठरली, ही गोष्ट त्या भागातली माणसं आजही विसरलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९९२ च्या पावसाळ्यापासूनच किल्लारीला हादरे जाणवत होते, त्या ऑक्टोबरात मोठा धक्का बसला होता. लोकांनी रात्री बाहेर काढल्या, तक्रारी केल्या, आणि मग कंटाळून पुन्हा घरात झोपायला गेले. सरकारी नकाशावर हा सगळा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पायाखालची जमीन काय सांगते आहे हे गावाला कळत होतं, पण गावाच्या कळण्याला कागदावर किंमत नव्हती. पुढचं सगळं म्हणणं मी या एका गोष्टीवर उभं करतो आहे.

पहिल्या आठवड्याबद्दल माझा वाद नाही. ढिगाऱ्याखाली माणसं असताना बैठका घेत बसायचं नसतं. तेव्हा हुकूम देणारा एक माणूस लागतो, लष्कर लागतं, बघ्यांच्या झुंडी रस्त्यावरून हटवणारे पोलीस लागतात, पावसात चितांसाठी कोरडं सरपण आणणारा कोणी तरी लागतो. त्या काळात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या प्रशासनानं केलेलं काम मोठं होतं. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची आजची घडी बऱ्याच अंशी तिथूनच बसली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं, तेही असंच तडफेनं झालेलं काम. संकटाच्या गाभ्यात हुकमत लागते, हे मान्य.

पण हुकमतीची मुदत कधी संपते? आपल्याकडे हा प्रश्न विचारला जात नाही, आणि किल्लारीनं त्याचं उत्तर जवळजवळ प्रयोगशाळेत द्यावं तसं देऊन ठेवलं आहे. कारण जागतिक बँकेचं कर्ज घेऊन राज्यानं जे पुनर्वसन केलं त्याचे दोन वेगळे रस्ते होते. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची, हा एक. आणि जिथे घरं तडकली, कलली, अर्धी पडली अशा हजाराहून जास्त गावांत घरमालकांना पैसे देऊन त्यांच्याच हातून दुरुस्ती आणि मजबुती करून घ्यायची, हा दुसरा. पहिल्या रस्त्यावर ठेकेदार, दानशूर संस्था आणि अभियंते पुढे होते. दुसऱ्या रस्त्यावर, बऱ्याच धडपडीनंतर का होईना, बायका पुढे आल्या.

स्थलांतरित गावांवर मी सरसकट टीका करणार नाही. मेलेल्यांच्या राखेवर पुन्हा चूल मांडायची नाही, हे अनेक गावांनी स्वतःच सांगितलं होतं, आणि नव्या घरांनी माणसांना रात्रीची झोप परत दिली. पण गावाची आखणी कोणी केली? जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं, काटकोनात रुंद रस्ते, सरळ रांगा. जुन्या वाड्याला उंच भिंत होती आणि आत मोकळा चौक होता. तिथे बाई निवडण-टिपण करायची, न्हाणं-धुणं, वाळवण, बाळंतपण सगळं आडोशाला व्हायचं. नव्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडलं. गोठा कुठे, कडबा कुठे रचायचा, औतं कुठे ठेवायची, शेत किती लांब पडलं, हे प्रश्न लोक राहायला गेल्यावर निघाले. मग ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीनं पुढे पत्रे टाकले, भिंती घातल्या, अंगण अडवलं. आज त्या गावांतून चालताना दिसतं ते असं: मूळ नकाशा एकीकडे आणि लोकांनी त्यावर हळूहळू चढवलेलं आपलं गाव दुसरीकडे. आधी विचारलं असतं तर दोन्ही एकच झाले असते.

दुसऱ्या रस्त्यावरची गोष्ट जास्त बोलकी आहे. सुमारे दोन लाख घरांचं ते काम सुरुवातीला रेंगाळत होतं. पैसे मंजूर व्हायचे, पण कोणाला किती मिळणार, कशासाठी, हप्ता कधी, हे गावात धड कोणाला ठाऊक नसायचं. अभियंता यायचा, सरपंचाकडे चहा घ्यायचा आणि जायचा. मग स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं गेलं आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. यातल्या बहुतेकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती. कित्येकींच्या घरात माणूस गेलेला होता. त्यांचं काम सांगायला सोपं होतं: सरकारी योजना घराघरांत समजावायची आणि घरांची अडचण सरकारपर्यंत न्यायची.

करायला मात्र ते अवघड होतं. गवंडी पिढ्यानपिढ्या भिंतीच्या दोन बाजू वेगळ्या रचून मध्ये चिपा आणि माती भरत आलेला. भूकंपात या दोन बाजू फाकतात आणि भिंत पोट फुटल्यासारखी कोसळते. उपाय साधा आहे, ठराविक अंतरावर या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा आरपार दगड घालायचा, आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला वेढणारा सळईचा काँक्रीट पट्टा द्यायचा. पण हा दगड घालायला वेळ जातो, तो घडवून घ्यावा लागतो, आणि भिंत पुरी झाल्यावर तो घातला की नाही हे कोणाला कळणार? ज्या बाईला हे माहीत झालं ती भिंत चढत असतानाच तिथे उभी राहू लागली. वाळू चाळलीत का, सिमेंटचं प्रमाण काय घेतलंत, पट्ट्याला किती दिवस पाणी मारणार, असे प्रश्न ती विचारू लागली. आयुष्यभर भिंती सारवणाऱ्या बाईनं गवंड्याला भिंतीबद्दल विचारणं हा त्या गावातला केवढा मोठा बदल होता, हे शहरात बसून पटकन कळणार नाही. ‘बाई, तुम्ही घरात बसा, आम्हाला कळतं’ असं ऐकून घेतलेल्या आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन उभ्या राहिलेल्या त्या बायका मला कुठल्याही गाजलेल्या मोहिमेच्या नायकाइतक्याच मोठ्या वाटतात.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. बऱ्याच कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी त्या पैशात एखादी विटांची नवी खोली बांधली, कारण दगडावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. नुकसानभरपाईचा पैसा दारूत गेल्याच्या कहाण्या गावोगाव आहेत. काही ठिकाणी मंडळ नावालाच उरलं आणि पुढारपण पुन्हा जुन्या घराण्याकडे गेलं. दुःखातून काही माणसं सावरलीच नाहीत, आणि त्यांना ‘जिद्द कमी पडली’ असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. नेतृत्वाचे धडे देणाऱ्यांच्या गोष्टीत या माणसांना जागा नसते, म्हणून तर त्या गोष्टी इतक्या गुळगुळीत होतात.

तरी दुसऱ्या रस्त्यावर जे उगवलं ते पहिल्यावर उगवलं नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथे गेल्या. भूज-अंजारच्या बायकांना त्यांनी काय सांगितलं असेल याची कल्पना करता येते: रडून घ्या, पण याद्या कोण करतंय त्याकडे लक्ष ठेवा. २००४ च्या त्सुनामीनंतर हा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचला. भाषा वेगळी, जेवण वेगळं, समुद्र तर या बायकांनी क्वचितच पाहिलेला. पण हप्ता, यादी, पंचनामा, ठेकेदार हे सगळीकडे सारखंच असतं.

पुढे दुष्काळ आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच वर्षांत या भागातल्या हजारो बायका घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेत होत्या. सोयाबीन आणि उसाच्या ऐवजी तिथे त्या डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला घेत होत्या, घरच्या खतावर आणि थोड्या पाण्यावर. पीक बाजारात पडलं तरी घरात खायला राहील, एवढाच साधा हिशोब. या कामाबद्दल स्वयं शिक्षण प्रयोग या त्याच संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. नवऱ्याकडून एक एकर मागणं हे गवंड्याला प्रश्न विचारण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. ज्या गावांत बायकांना आधी भिंतीबद्दल बोलता आलं, तिथे जमिनीबद्दल बोलायला लागणारा घसा आधीच तयार झालेला होता, असं मला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं: खंबीरपणा माणसाच्या स्वभावात असतोच, पण तो टिकतो आणि वाढतो तो हातात निर्णय असेल तर. संकट कोणालाही आपोआप मोठं करत नाही, ते बहुतेकांना मोडतं. त्या मोडलेल्या क्षणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारणारी, त्या उत्तरावर पैसे खर्च करणारी आणि चूक झाली तर सुधारायला वाव देणारी व्यवस्था असेल तर त्यातून माणसं उभी राहतात, आणि त्यातलीच काही पुढे नेतृत्व करतात. ही व्यवस्था उभी न करता लोकांच्या जिद्दीचं कौतुक करणं म्हणजे त्यांच्याच खांद्यावर सगळं टाकून मोकळं होणं.

हे कौतुक कसं निसटून जातं त्याचं अलीकडचं उदाहरण उत्तरकाशीचं आहे. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीच्या दिवशी सिलक्याराचा बोगदा ढासळला आणि ४१ कामगार आत अडकले. पहिले काही दिवस चार इंची पाइपातून मुरमुरे, सुकामेवा आणि हवा, एवढ्यावर ते जगले. आत गब्बरसिंह नेगींसारख्या अनुभवी मुकादमानं माणसांचा धीर टिकवला, चालायला लावलं, योगासनं करायला लावली, मी शेवटी बाहेर येईन असा शब्द दिला. अमेरिकन बनावटीचं यंत्र तुटलं तेव्हा हातानं बिळं खणणारे कामगार आत शिरले आणि शेवटचा टप्पा त्यांनी फोडला. सतराव्या दिवशी सगळे जिवंत बाहेर. देश हरखला, आणि हरखायलाच हवं होतं. पण आणीबाणीत बाहेर पडायचा जो मार्ग मंजूर आराखड्यात होता तो प्रत्यक्षात नव्हता, हा प्रश्न फुलांच्या हारांखाली गेला. आणि ज्यांनी हातांनी तो ढिगारा फोडला त्या चमूतल्या एकाचं दिल्लीतलं घर तीनच महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, अतिक्रमण म्हणून पाडण्यात आलं. त्यांचा सत्कार झाला होता, पण त्यांच्या हाती कुठलाही निर्णय दिलेला नव्हता.

महाराष्ट्रात तरी आपण किल्लारीचं शहाणपण पुढे नेलं का? ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली आणि गाव नाहीसं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाच्या. नवं माळीण २०१७ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिलं, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले, भिंतींना भेगा गेल्या. डोंगरउताराचं पाणी कुठून येतं हे त्या भागातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसानं सांगितलं असतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर कडा कोसळला. शाळेत थांबलेल्या काही पोरांमुळे निरोप तरी खाली पोचला. ही ठाकर आदिवासींची वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. तीस वर्षांपूर्वी लातूरही नकाशावर सुरक्षितच होतं. वाचलेल्यांना आधी कंटेनरच्या खोल्या मिळाल्या आणि मग सिडकोनं बांधलेली घरं. घरं मिळाली हे चांगलंच. पण रानावर जगणाऱ्या माणसाला आता रोजगार कुठे, शेळ्या कुठे, रान किती लांब, हे ठरवताना त्या वाडीतली किती माणसं टेबलाच्या या बाजूला बसली होती?

यावर एक आक्षेप नेहमी येतो: लोकांना विचारत बसलं तर वेळ जातो, गावात गट असतात, भांडणं होतात, शेवटी काहीच होत नाही. भांडणं होतात हे खरं आहे, किल्लारीच्या परिसरातही झाली. पण वेळ जातो तो न विचारल्यानं. रिकाम्या पडलेल्या घरांत, गळक्या छपरांच्या दुरुस्तीत, पुन्हा पुन्हा निघणाऱ्या मोर्चांत आणि कोर्टाच्या तारखांत तो वेळ जातो, फक्त तो प्रकल्पाच्या हिशोबात धरला जात नाही. जे दुरुस्तीचं काम सुरुवातीला अडलं होतं ते बायका मध्ये आल्यावर पुढे सरकलं, ही सरकारच्याच कार्यक्रमातली घडलेली गोष्ट आहे.

कायद्याकडे पाहिलं तर अडचण कुठे आहे ते दिसतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरण नेमलं, त्याचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. लोकांचा आवाज म्हणून सहअध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला दिलं. महाराष्ट्रात २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या आणि तिथे प्रशासक बसले, म्हणजे तो एकुलता एक आवाजही अधिकाऱ्याचाच झाला. आपत्तीत सापडलेल्या गावातल्या माणसाला तर या रचनेत खुर्चीच नाही. तो ‘आपद्ग्रस्त’ आहे, ‘लाभार्थी’ आहे, कधी ‘वारस’ आहे. निर्णय घेणारा मात्र तो कुठेच नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरच्या सीनाकाठी पुरानं जमिनी खरडून नेल्या तेव्हा हेच चित्र पुन्हा दिसलं. वर मदतीच्या रकमा जाहीर होत होत्या, खाली तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट बघत माणसं बांधावर उभी होती. कोणाची माती गेली, कोणाच्या विहिरीत गाळ भरला, कोणती बाई दुसऱ्याच्या रानात मजुरी करत होती आणि म्हणून कोणत्याच यादीत नव्हती, हे गावातल्या चार बायका एका संध्याकाळी सांगू शकल्या असत्या. याच धाराशिव-लातूरमध्ये ज्यांनी भूकंपानंतर घरोघरच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या होत्या, त्या बायका आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांना बोलवायला कोणाकडे त्यांची नोंद तरी आहे का?

मागणी मोठी नाही. आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक बाधित गावात वाचलेल्या माणसांची समिती निवडावी, त्यात निम्म्या बायका असाव्यात, भूमिहीन आणि मजूर घरांतली माणसं असावीत, आणि त्यांना रोजचं मानधन मिळावं, कारण बुडालेल्या माणसानं मजुरी सोडून फुकट काम करावं ही अपेक्षा चुकीची आहे. पंचनाम्याची यादी या समितीसमोर वाचली जावी. नव्या गावाची जागा आणि नकाशा तिच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता तिच्या दाखल्याशिवाय निघू नये. आणि आधीच्या आपत्तीतून गेलेल्या गावांतल्या अनुभवी माणसांना सरकारनं प्रवासखर्च देऊन नव्या गावांत पाठवावं, जसं लातूरच्या बायका कच्छला गेल्या होत्या. यासाठी कायदा बदलायची वाट बघायचीही गरज नाही, एक शासन निर्णय पुरतो. पुढचा पावसाळा येण्याआधी तो काढता येईल.